रानाकांठची बाग

ग्रंथांचीं परीक्षणें लिहिण्यांत ज्याचीं वीस-पंचवीस वर्षें गेलीं, त्यानें एखाद्या बागेचें परीक्षण लिहावयास घ्यावें हें वाचकांस कदाचित् विचित्र वाटेल. परंतु बाग हीदेखील एक रचनाच आहे. तिला कर्ता असतो. तिला कांहीं सांगावयाचें असतें, किंवा सांगावयाचें कांहींच नसतां ती उगाच बोलत असते. आणि पुस्तकाला जसा वाचक, तसा तिला फिरावयास येणारा मनुष्य असतो. फरक एवढाच कीं, वाईट कादंबरी मिटून ठेवतां येते. वाईट बाग गांवाच्या मधोमध वर्षानुवर्षें तशीच पडून राहते, आणि ज्या जागेवर ती बसली ती जागा गांवाला परत मिळत नाहीं. असें असून आपल्याकडे सार्वजनिक बागांची टीका म्हणून कांहीं होतच नाहीं. उद्घाटनाच्या दिवशीं भाषणें होतात, दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें, आणि प्रकरण तेथेंच मिटतें.

हा विषय सुचण्यास निमित्त झालें तें गेल्या उन्हाळ्यांतील कुरखेड्याच्या मुक्कामाचें. माझी मुलगी तेथें शिक्षिका आहे. सती नदीच्या कांठचें हें तालुक्याचें गांव गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागांत येतें. १९८२ च्या ऑगस्टमध्यें चंद्रपूर जिल्हा विभागून हा नवा जिल्हा झाला, आणि त्याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग अद्याप वनानें व्यापलेला आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, टेंभूर, पळस, बांबू अशी ही वस्ती. माणसांची वस्ती तिच्या मधून मधून.

एके दिवशीं संध्याकाळीं सात वर्षांच्या नातवास घेऊन मी नदीवर गेलों. वैशाखांत सतीचें पात्र म्हणजे बहुतेक वाळूच. गांवचीं पोरें तेथें चेंडू खेळत होतीं, दोघीं-तिघींनीं ओल्या वाळूंत विहीर खणली होती. नातवानें विचारलें, "आजोबा, ही बाग आहे का?" मी म्हटलें, "नाहीं रे, ही नदी." तो म्हणाला, "मग इथं कोणी हाकलत कसं नाहीं?"

मुलानें नागपूरचा महाराजबाग पाहिला होता, आणखीही एक-दोन बागा पाहिल्या होत्या. त्यांवरून त्याची बागेविषयींची व्याख्या तयार झाली होती. बाग म्हणजे जेथें खेळावयाचें असतें ती जागा, आणि जेथून कोणी तरी हाकलतें तीही तीच जागा. त्याच्या व्याख्येंतील हा दुसरा भाग मला परतीच्या वाटेवर टोंचूं लागला.

प्रथम माझ्या मनांत जो विचार आला तो, कोणाही इंग्रजी-संस्कृत शिकलेल्या मनुष्याच्या मनांत यावा तसाच होता: चोहोंकडे रान असतां येथें बाग हवी कशाला? शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत आश्रमांतल्या मुलींना पाहून दुष्यंताला वाटतें कीं, रानांतल्या वेलींनीं राजोद्यानांतल्या वेलींना गुणांत मागें टाकलें. हें सूत्र धरून एक गोड निबंध लिहितां आला असता. रात्रीं जेवतांना मीं तो मुलीस थोडासा ऐकविलाही. ती शांतपणें म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठीं रान हें काव्य आहे, इथल्या बायकांसाठीं तें काम आहे. चैत्रांत पहांटे उठून मोहाचीं फुलं वेंचायची, मग तेंदूपानं तोडायचीं, आणि तीही वाघाच्या भीतीनं मागंपुढं बघत. घटकाभर निवांत बसावं म्हणून रानांत कोण जाणार?"

माझा निबंध तेथेंच संपला. दुष्यंताला रान सुंदर दिसलें, कारण तो तेथें शिकारीस आला होता आणि रथांत बसून परत जाणार होता. येथील गोष्ट निराळी. २०२२ च्या ऑक्टोबरांत शेजारच्या वडसा भागांत 'सीटी-वन' नांवाचा जो वाघ पकडला गेला, त्यानें तत्पूर्वीं गडचिरोली, भंडारा व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसें मारलीं होतीं. पोटासाठीं रानांत गेलेल्या माणसाला हा धोका पत्करणें भागच असतें. विसांव्यासाठीं मात्र तो कोणी पत्करणार नाहीं. तेव्हां रानाकांठच्या गांवाला बागेची गरज आहे, आणि ती शहराहून कमी नाहीं. प्रश्न उरतो तो कोणती बाग, एवढाच.

सार्वजनिक बाग ही कल्पनाच मुळीं शहरानें शहरासाठीं काढलेली. लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडे, बर्कनहेड येथें जोसेफ पॅक्स्टननें आंखलेली सार्वजनिक पैशाची बाग १८४७ सालीं खुली झाली. १८५० त अमेरिकेचा फ्रेडरिक ओल्मस्टेड ती पाहून गेला, आणि १८५८ सालीं त्यानें व कॅल्व्हर्ट व्हॉक्सनें न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला. कारखान्यांचा धूर आणि बोळांतली कोंदट वस्ती यांमधून मजुराला घटकाभर बाहेर काढावें, ही त्यामागची प्रेरणा. वन दूर गेलें तेव्हां बाग जवळ आणावी लागली. ही प्रेरणा कुरखेड्यास लागू नाहीं. तेथें धूर नाहीं, बोळ नाहींत, आणि वन गांवाबाहेर पडतांच लागतें. मग तेथल्या बागेनें आपलें प्रयोजन स्वतः शोधावयास हवें. उसनें प्रयोजन आणलें कीं त्याबरोबर उसनी सजावटही येते.

आपल्या प्रांतांतील नांवाजलेल्या बागा पाहिल्या म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. मुंबईची राणीची बाग भायखळ्यास १८६२ सालीं उघडली. आज तिचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बहुतेक लोक ती प्राण्यांसाठीं पाहावयास जातात, आणि २०१६ त पेंग्विन पक्षी आणल्यापासून तर रांगा लागतात. परंतु तिचा खरा ग्रंथ झाडांचा आहे. देशोदेशींचे वृक्ष तेथें दीड शतक वाढत आले आहेत, आणि चालूं शतकाच्या पहिल्या दशकांत जेव्हां बागेच्या नूतनीकरणाचा मोठा घाट घातला गेला तेव्हां मुंबईचे नागरिक उभे राहिले ते या झाडांच्या बाजूनें. लहानपणीं माणूस तेथें हत्तीसाठीं जातो, उतारवयांत सावलीसाठीं. एकच रचना दोन वयांत दोन प्रकारें वाचतां येणें हें चांगल्या पुस्तकाचें लक्षण आपण मानतों. बागेलाही तें लावण्यास हरकत नसावी.

मलबार टेकडीवरील कमला नेहरू उद्यान १९५२ चें. त्यांतला म्हातारीचा बूट ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळाच. एका इंग्रजी बालगीतांतल्या म्हातारीचें घर सिमेंटांत ओतून भारतीय समुद्राकडे तोंड करून उभें केलें आहे. स्वदेशी अभिमानानें पाहिलें तर याहून हास्यास्पद वस्तु दुसरी नाहीं. मींही विद्यार्थिदशेंत तिची यथेच्छ थट्टा केली होती. आतां तें मत मीं बदललें आहे. मुलांना त्या म्हातारीची कथा ठाऊक नसते आणि तिची गरजही नसते. बूट पोकळ आहे, त्याच्या आंत शिरतां येतें, पायऱ्या चढून वरच्या खिडकीशीं जातां येतें, आणि तेथून खालीं उभ्या असलेल्या आईला हांक मारतां येते. मूल त्या वस्तूच्या आंत जातें, म्हणून ती तीन पिढ्या टिकली. तिच्या शेजारीं सुबक कापलेले हत्ती-घोडे कोणाच्या ध्यानांतही राहत नाहींत. बेकननें १६२५ च्या आपल्या उद्यानविषयक निबंधांत झाडें कापून केलेल्या आकृती आपल्याला आवडत नाहींत, त्या पोरांसाठीं आहेत, असें म्हणून ठेवलें आहे. मला वाटतें तो पोरांवर अन्याय करीत होता. पोरांनाही त्या नको असतात. त्या हव्या असतात ठेकेदारांना.

दादरचें शिवाजी पार्क तर बागेच्या कोणत्याच नियमांत बसत नाहीं. १९२५ सालीं मुंबईच्या पालिकेनें खुलें केलेलें हें मैदान. मधें माती, कडेला झाडें आणि भोंवतीं बसका कट्टा. पण त्या कट्ट्यानें जें काम केलें तें कोणत्याही कारंज्यानें केलें नसेल. म्हातारे, प्रेमी जीव, क्रिकेटवाले, राजकारणी, सर्वांस बसण्यापुरती उंची, आणि कोणी कोठें बसावें याचा नियम नाहीं. ज्या भिंतीवर बसतां येतें ती भिंत आणि जी नुसती अडवते ती भिंत, यांतील फरक आमच्या बाग आंखणारांना कळला असता तर किती बरें झालें असतें!

पुण्याच्या बागांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. सारसबाग तळ्यांतल्या गणपतीच्या आधारानें उभी आहे, आणि पेशवे पार्कांतील १९५६ ची फुलराणी ही छोटी आगगाडी मीं स्वतः चार वेळां चढलों असल्यामुळें तिच्याविषयीं निःपक्षपाती मत देणें मला शक्य नाहीं.

परंतु ज्या बागांमुळें हा लेख लिहिण्याची वेळ आली त्या या नव्हेत. त्या आहेत तालुक्या-तालुक्याला उभ्या राहणाऱ्या लहान बागा. विदर्भांतल्याच एका गांवची अशी बाग मुलीनें व मीं नातवासह पाहिली. गांवाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण वाचकांच्या गांवीं तिची बहीण असेलच. दारावर गांवाच्या नांवाचीं मोठालीं रंगीत अक्षरें आणि त्यांपुढें तांबडें हृदय. आंत सिमेंटचें हरीण, सिमेंटचा ससा आणि फायबरचा वाघ. खऱ्या वाघाच्या भयानें ज्या प्रदेशांत माणसें दिवस मावळण्यापूर्वीं घर गांठतात, तेथें मुलांना खोट्या वाघाच्या पाठीवर बसवून छायाचित्र काढण्याची ही कल्पना कोणाला सुचली असेल! हिरवळ होती, परंतु तिच्यावर चालूं नये अशी पाटी होती. झाडें म्हणजे शोभेचे पाम. त्यांच्या सावलींत एक मांजर कसेबसें मावले असतें. घसरगुंडी पोलादी आणि उघड्या उन्हांत. मे महिन्याच्या पांच वाजतां तिला हात लावून नातू मागें सरला. कारंजें बंद होतें. फाटक दुपारीं कुलूप लावून ठेवतात आणि तिन्हीसांजेला पुन्हां लावतात, म्हणजे शाळेला सुटी असतांना बाग बंद, आणि घरचें काम आटोपून बायका मोकळ्या होतात तेव्हांही बंद. पिण्याचें पाणी नव्हतें. स्त्रियांसाठीं मोरी-शौचकूप नव्हतें. आम्ही सिमेंटच्या सशाला टेकून पांच मिनिटें उभे राहिलों तोंच रखवालदारानें शिटी वाजविली. नातवाची व्याख्या खरी ठरली.

एका कोपऱ्यांत खुल्या व्यायामशाळेचीं लोखंडी यंत्रें होतीं. माझ्या तोंडीं आलेंच होतें कीं, दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईला हीं पायडलें कशाला? पण पुन्हां मुलीनें मला थांबविलें. वसतिगृहांतल्या चार-पांच मुली त्या यंत्रांवर नुसत्या झुलत गप्पा मारीत होत्या. ती म्हणाली, "त्यांना व्यायाम नको आहे, बाबा. बाहेर उभं राहायला निमित्त हवं आहे." मुलग्यांना पानठेला आहे, चौक आहे, पूल आहे. मुलींनीं नुसतें उभें राहावें अशी जागा गांवांत कोठेंच नाहीं, म्हणून त्या लोखंडाचा आधार घेतात. त्या बागेंत खऱ्या अर्थानें वापरली जाणारी तेवढीच एक वस्तु होती, आणि तिच्या कर्त्याला तिच्या उपयोगाची कल्पनाही नसावी.

मुलांच्या खेळण्याचा विचार जगांत कोणी केलाच नाहीं असें नाहीं. डेन्मार्कच्या सोरेन्सन या उद्यानकाराला दिसलें कीं, आपण आंखून दिलेल्या क्रीडांगणांपेक्षां मुलें बांधकामाच्या उकिरड्यावर अधिक रमतात. म्हणून कोपनहेगनजवळ एमड्रुप येथें १९४३ सालीं, देश जर्मनांच्या ताब्यांत असतांना, फळ्या, विटा आणि मोडकें सामान मुलांच्या हवालीं करणारें मैदान निघालें. ॲम्स्टरडॅमच्या आल्डो व्हान आयकनें १९४७ पासून सुमारें तीस वर्षांत शहराच्या रिकाम्या कोपऱ्यांवर सातशेंहून अधिक क्रीडांगणें केलीं. वाळूची चौकट, उड्या मारण्याचे दगडी ठोकळे, लोंबकळण्याच्या कमानी, बस्स. पशूंच्या आकृती त्यानें टाळल्या. ज्या वस्तूचा एकच अर्थ होतो तिच्याशीं मूल एकदांच खेळतें; ठोकळा मात्र आज बोट असतो, उद्यां किल्ला. सतीच्या वाळूंत विहीर खणणाऱ्या त्या पोरींना हें तत्त्वज्ञान कोणी शिकविलें नव्हतें.

आतां एका निराळ्या ग्रंथाकडे वळूं, कारण बागेचें मूळ तेथें आहे. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनें अकरावी अनुसूची आली, ती पंचायतींच्या विषयांची. ७४ व्या दुरुस्तीनें बारावी आली, ती नगरांच्या विषयांची. दोन्ही १९९२ च्या. अकरावींत २९ विषय आहेत. त्यांत सामाजिक वनीकरण आहे, गौण वनोपज आहे, सरपण व चारा आहे, परंतु बागेचा उल्लेख नाहीं. बारावींत १८ विषय आहेत. त्यांत उद्यानें, बागा, क्रीडांगणें आहेत आणि वनोपज नाहीं. कुरखेड्यासारख्या गांवीं ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली म्हणजे कागदावर घडतें तें हें: मोह यादींतून जातो आणि हिरवळ यादींत येते. गांवचीं माणसें तीच, त्यांची चैत्रांतली पहांट तीच. मसुदा करणारांस मी दोष देत नाहीं. शहर म्हटलें कीं बाग, आणि खेडें म्हटलें कीं वनोपज, ही विभागणी आपणां सर्वांच्याच डोक्यांत आहे. माझ्याही होती. पण ज्या नगरपंचायतीच्या सीमेवर मोहाचीं झाडें उभीं आहेत तिनें ती पाळलीच पाहिजे असें कोठें लिहिलें आहे? बागेंत चार मोह लावावे, आणि फुलें पडूं लागलीं कीं ज्यांना वेंचावयाचीं त्यांना पहांटे फाटक उघडून द्यावें. वाघाचें भय नसलेल्या जागेंत फुलें वेंचावयास मिळणें हीदेखील एक सोय आहे, आणि ती घसरगुंडीहून हलकी नाहीं.

बेकनच्या तीस एकरांच्या कल्पित उद्यानांत सहा एकर त्यानें मुद्दाम रानाच्या स्वरूपांत ठेवले होते. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेस आलापल्लीजवळ जुन्या जंगलाचा सुमारें सहा हेक्टरांचा तुकडा न तोडतां राखला आहे. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नांवानें तो ओळखला जातो आणि २०१४ सालीं त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. तेथें माणसानें केलेलें कौशल्य एवढेंच कीं त्यानें हात आंखडता ठेवला. बाग आंखतांना जागेवर आधींच उभें असलेलें झाड प्रथम तोडावें, मग रोपवाटिकेंतून दुसरें आणावें, हा जो क्रम सर्वत्र दिसतो त्याला येथें उत्तर आहे.

दुसरी एक गोष्ट बाहेरच्या मनुष्याला सहसा दिसत नाहीं. या झाडीपट्टींत करमणुकीची जागा ऋतूबरोबर फिरते. दिवाळीनंतर मंडई भरते. धान निघालें कीं त्याच बांध्यांत शंकरपटाला आणि रात्रीच्या नाटकाला जागा होते. झाडीपट्टीची रंगभूमि म्हणून जी आज प्रसिद्ध आहे, आणि जिच्या मंडळ्यांचें माहेर वडसा आहे, ती अशा मोकळ्या शेतांवर रात्रभर जागते. उन्हाळ्यांत नदीची वाळू. गुरें निघून गेल्यावर आखरही मुलांचाच. म्हणजे आठ महिने या लोकांस आपली जागा आपण करतां येते, आणि तीही फुकट. उणीव पडते ती पावसाळ्याच्या चार महिन्यांत. तेव्हां बांध्यांत चिखल, नदीला पूर, रानांत जाणें कठीण. असें असतां आपण बाग बांधतों ती हिंवाळ्यांतल्या संध्याकाळच्या छायाचित्रासारखी: उघडी, सपाट, निथळ नसलेली. आषाढांत ती डबक्याहून निराळी दिसत नाहीं.

येथें गोंडांच्या गोटुलाची आठवण होते. व्हेरियर एल्विननें १९४७ त बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यापुढें शहरांतल्या वाचकाचें लक्ष तेथील तरुण-तरुणींच्या रात्रींवरच खिळून राहिलें. पण गोटुल ही आधीं एक वास्तु आहे. गांवानें बांधलेली, गांवाची, भोंवतीं अंगण असलेली आणि मुख्य म्हणजे वर छप्पर असलेली. गडचिरोलीच्या खेड्यांतून सभा तेथेंच भरते, पाहुणा तेथेंच उतरतो. सार्वजनिक जागेचा याहून अस्सल नमुना दाराशीं असतां आम्ही तो सोडून मलबार टेकडीच्या कापलेल्या हत्तीचें अनुकरण करतों, आणि तेंही सिमेंटमध्यें! कुरखेड्याच्या बागेंत मला कारंजें नको. सागाच्या खांबांवर, कौलांचें, चारी बाजूंनीं उघडें असें एक मोठें छप्पर हवें; त्याखालीं कट्टा, पाण्याची टांकी, एक-दोन झोपाळे, मुलींना निमित्तावांचून उभें राहतां येईल एवढी जागा, आणि शेजारीं स्वच्छ शौचकूप. हिरवळीचें पाणी वांचलें तर तें झाडांना घालावें. रखवालदार हवा, पण त्याची शिटी नको.

मुलीला हें सर्व वाचून दाखविलें तेव्हां ती म्हणाली, "छप्पर झालं तर पहिल्याच वर्षीं तिथं लग्नं लागायला लागतील." हें खरें आहे, आणि याला माझ्यापाशीं उत्तर नाहीं. भाड्याचा मोह कोणत्याही नगरपंचायतीस आवरणार नाहीं, आणि लग्नसराईंत मुलांना पुन्हां बाहेर काढतील. कदाचित् छप्पर मंडपाला पुरणार नाहीं इतकें अरुंद आणि लांबच लांब करावें, ओसरीसारखें. म्हणजे पंगत बसणार नाहीं, पण मुलें धांवूं शकतील.

मी परत आल्यावर महिन्याभरानें मृगाचा पाऊस लागला. मुलीचा दूरध्वनि आला त्या दिवशीं सती दुथडी वाहत होती, वाळूचें मैदान दिसेनासें झालें होतें, आणि नातू शाळेच्या वऱ्हांड्यांत गोट्या खेळत होता. वऱ्हांड्याला संध्याकाळीं पांच वाजतां कुलूप लागतें, असें त्यानें मला स्वतः फोनवर येऊन सांगितलें.